दोन बाकांवरची ओझेला

ओझेला पेटवेच्या आयुष्यात दोन बाकं होती, आणि या बाकाची खबर त्या बाकाला लागू द्यायची नाही एवढंच तिचं धोरण होतं.

एक बाक माउंट हेब्रॉन चर्चमधलं, पायपेटीसमोरचं. रविवारी सकाळी ती पांढरे हातमोजे काढून मांडीवर ठेवायची आणि त्या बाकावर ताठ बसायची. तिथं ती, चर्चमधल्या सगळ्या बायकांच्या रीतीप्रमाणे, सिस्टर पेटवे होती. दुसरं बाक स्टेट स्ट्रीटवरच्या ओव्हल थिएटरातलं, पडद्याच्या पायथ्याशी, एक पाय आखूड म्हणून खाली जुन्या वर्तमानपत्राची घडी घातलेलं. तिथं ती सोमवार ते शनिवार मुक्या चित्रपटांना पियानोची साथ करायची, आणि तिथं ती नुसती 'ए ओझी!' होती.

शिकागोत ती आली पहिल्या महायुद्धाची लढाई चालू असताना, मिसिसिपीहून, एक पेटी आणि तळलेल्या कोंबडीचा डबा घेऊन. पुरुष सगळे फ्रान्सला गेलेले, त्यामुळे रेल्वेच्या यार्डात बायकांना डबे धुवायचं काम मिळत होतं. ओझेलानं आयुष्यात पहिल्यांदा विजार घातली आणि ती तिला भलतीच आवडली. मग लढाई संपली, पुरुष परतले, आणि मुकादम म्हणाला, "चला बायांनो, आता आपापल्या घरी जा." ओझेलानं विचारलं, "घरी म्हणजे कुठं, साहेब?" मुकादमानं एवढा विचार केलेला नव्हता.

त्याच आठवड्यात ओव्हलचा पियानोवाला तिकीटवालीला घेऊन पळाला. ओझेला आत गेली, बाकावर बसली आणि वाजवायला लागली. मालकाला पगाराचं सोडून दुसरं काही विचारावंच लागलं नाही.

तिची एक रीत होती. ती पियानोच्या पट्ट्यांकडे कधी बघायची नाही. नजर पडद्यावर, आणि हात आपले खाली आपलं काम करत असायचे. पडद्यावर कुणी धावलं की हात धावायचे, कुणी जिन्यावरून गडगडलं की हातही गडगडायचे. तालाला मात्र ती कधी सरळ चालू द्यायची नाही. मध्येच अडखळवायची, मागे ओढायची आणि ऐन वेळी सोडून द्यायची. एकदा नायिका क्षयानं मरत होती आणि सबंध थिएटर पायानं ठेका धरून होतं. एका शहाण्यानं वर्तमानपत्रात लिहिलं की ओव्हलमध्ये मरणालासुद्धा जॅझ लावतात, काय ही अधोगती! मालकानं ते कात्रण दारावर चिकटवलं. दुसऱ्या दिवसापासून गर्दी वाढली.

चित्रपट दाखवायचा डेलबर्ट रॅन्सम. हा आपल्या पलटणीबरोबर फ्रान्सला जाऊन आलेला. वरच्या खोलीत बसून तो हातानं यंत्राचा दांडा फिरवायचा आणि ओझेलाच्या तालावर फिरवायचा. ती रंगात आली की तो जोरात फिरवी, मग पडद्यावरची माणसं भराभर चालत, ती बघून ओझेला आणखी रंगात येई. असं करता करता एकदा लग्नाची मिरवणूक चर्चमधून पोलीस मागे लागल्यासारखी बाहेर पडली होती. "तू माझ्या मागे धावतोस की मी तुझ्या?" ओझेला विचारायची. "बाई गं, आपण दोघं लग्न करून टाकू, मग प्रश्नच मिटला," डेलबर्ट वरून ओरडायचा. ती त्याला भुईमुगाची टरफलं फेकून मारायची.

दर शनिवारी दुपारी मुख्य चित्रपटाआधी डेलबर्ट हट्टानं फिल्मची एक जुनी पट्टी लावायचा. आपल्या वस्तीतली पोरं लढाईला निघाली त्या दिवशीची मिरवणूक. मिनिटभरात खलास. पोरं खांद्याला खांदा लावून येतात, तिसऱ्या ओळीतला एक पोरगा मान वळवून हसतो, आणि गेलीच सगळी. ओझेला तिथं असा काही जोश लावायची की लोक बसल्या जागी टाळ्या पिटायचे. मागच्या रांगेत काळी जाळी चेहऱ्यावर ओढलेली एक बाई मात्र हातही न हलवता बसून असायची. पट्टी संपली की ती उठून जायची. पैसे भरून यायचं आणि चित्रपटाच्या आधीच निघून जायचं! ओझेलाला वाटायचं, जगात एकेक नमुने असतात.

आता चर्चकडे वळू, कारण खरी भीती तिथं होती. माउंट हेब्रॉनमध्ये संगीताचा कारभार सिस्टर हॉर्टेन्स क्लेब्रुक यांच्या हाती. "आमचं घराणं इथं शिकागो जळालं त्या मोठ्या आगीच्या आधीपासूनचं," असं त्या ओळख करून देतानाच सांगत. "मग लावली कुणी?" असं ओझेला मनातल्या मनात विचारायची. दक्षिणेतून गाडीभरून येणाऱ्या ओझेलासारख्यांनी चर्चमध्ये ओरडू नये, डोलू नये, पाय आपटू नये, 'आमेन' म्हणायचंच तर ओठांत म्हणावं, अशी क्लेब्रुकबाईंची शिस्त. आणि सगळ्यांत कडक नियम हा, की जो गुत्त्यात, नाचघरात किंवा थिएटरात वाजवेल, त्यानं देवाच्या पेटीला हात लावायचा नाही.

सोडून द्यायचं ते बाक, असं कुणी म्हणेल. पण ओझेलाची आई मिसिसिपीतल्या पाइनच्या लाकडी चर्चमध्ये जन्मभर पायपेटी वाजवत होती आणि ओझेला तिच्या पायांशी बसून भाते दाबत वाढली होती. आई गेली तेव्हा ओझेला यार्डात डबे धूत होती. मातीलाही जाता आलं नाही. रविवारी पेटीचा पहिला श्वास भरला की तिला आई जवळ आल्यासारखी वाटायची, आणि तेवढ्यासाठी ती काहीही लपवायला तयार होती.

लपवत एकटी तीच नव्हती म्हणा. शनिवारी ओव्हलच्या पहिल्या रांगेत बसून मांडीवर ठेका धरणारे चर्चचे कारभारी डीकन मोझली रविवारी तिला असे नमस्कार करायचे की जणू आठवड्यानं भेटताहेत. तेरी भी चुप, मेरी भी चुप.

घोटाळा झाला तो पाळकांमुळे. रेव्हरंड गॅडिस मूळचे जॉर्जियाचे, आत ज्वालामुखी, पण क्लेब्रुकबाईंनी त्यांच्यावर झाकण ठेवलेलं. त्या रविवारी प्रवचनाला बायबलातला, माशानं गिळलेला योना होता. देव म्हणतो निनवे शहराला जा, आणि योना उलट्या दिशेला पळ काढतो. ओझेलाचं काम प्रवचनात गप्प बसायचं. पण आदल्या दिवशी तिनं दिवसभर एका दरोडेखोराच्या पाठलागाला साथ केली होती. हात अजून गरम होते.

"आणि योना पळाला!" रेव्हरंड म्हणाले, आणि भान विसरून व्यासपीठाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत खरंच पळाले.

ओझेलाची नजर त्यांच्यावर होती. हातांनी तिला विचारलं नाही. पायपेटीतून दरोडेखोराचा पाठलाग सुरू झाला, अडखळत, मागे ओढत, ठेक्यात.

रेव्हरंड थबकले. पेटीही थबकली. त्यांनी घाबरून एक पाऊल मागे टाकलं. पेटीनंही एक पाऊल टाकलं. ओझेलाला रडू यायला लागलं, पण हात काही ऐकेनात. बायकांचे पंखे हवेत थांबले. कुणीतरी खुदकन हसलं.

रेव्हरंडनी कपाळ पुसलं, एकवार पहिल्या रांगेतल्या क्लेब्रुकबाईंकडे पाहिलं, आणि त्यांच्यातला जॉर्जियाचा माणूस वर आला. "सिस्टर पेटवे," ते म्हणाले, "थांबलात का? योना अजून बंदरावर पोचला नाही!"

मग काय विचारता! योना पळाला, जहाजात बसला, वादळ झालं, मासा आला. डीकन मोझली उभं राहून "गिळ त्याला, गिळ!" म्हणून ओरडत होते. वर्षानुवर्षं ओठांत ठेवलेली 'आमेन' सगळी एकदम बाहेर पडली. एकट्या क्लेब्रुकबाई जागच्या हलल्या नाहीत.

उपासनेनंतर तळघरात जेवणं चालू असताना त्यांनी ओझेलाला बाजूच्या खोलीत बोलावलं. ओझेलानं हातमोजे चढवले. निदान नीट कपड्यांत हाकललेलं बरं.

"हे कुठं शिकलीस?"

"आईकडे, मॅडम."

"तुझ्या आईनं योनाला असं पळवलं होतं?"

थाप तोंडाशी आली होती. पण आईचं नाव निघाल्यावर ती मारवेना. "नाही मॅडम. ते ओव्हल थिएटरात शिकले. तिथं रोज वाजवते. दोन वर्षं झाली."

"मला ठाऊक आहे," क्लेब्रुकबाई म्हणाल्या.

ओझेलाला वाटलं, मोझलींनी चुगली केली. पण बाईंनी आपल्या पिशवीतून काळ्या जाळीची टोपी काढून टेबलावर ठेवली.

"तिसऱ्या ओळीतला, या बाजूचा," त्या म्हणाल्या, आणि ती आगीच्या आधीपासूनची आवाजातली करवत कुठल्या कुठं गेली. "हसतो तो. माझा ल्युशस. तिकडेच राहिला, फ्रान्सच्या मातीत. घरी त्याचे सगळे फोटो गंभीर आहेत, मीच तसे काढायला लावले. आणि तू तिथं इतकं भरभर वाजवतेस, पोरी, तो वरचा मुडदा इतक्या जोरात फिरवतो, की मी डोळे पुसेपर्यंत माझं लेकरू निघून जातं. सावकाश नाही का वाजवता येत?"

ओझेलानं टेबलावरचा त्यांचा हात हातात घेतला. "येतं, मॅडम," ती म्हणाली.

पुढच्या शनिवारी ती आधी वरच्या खोलीत गेली. "आज पट्टी सावकाश फिरव."

"फार सावकाश फिरवली तर दिव्यानं पेट घेईल गं, थिएटर जाईल."

"मग पेटणार नाही इतकी सावकाश फिरव. ल्युशस क्लेब्रुकची आई येतेय."

डेलबर्टचा दांड्यावरचा हात थांबला. "ल्युशस? मी त्याच्या मागच्याच ओळीत होतो."

ओझेलानं त्या दिवशी जोश लावला नाही. आईचं एक जुनं भजन घेतलं, आणि त्यातला प्रत्येक सूर वाकवून, मागे खेचून, सोडवेना म्हणून धरून ठेवल्यासारखा वाजवला. पोरं पाण्यातून चालावीत तशी आली. तिसऱ्या ओळीतल्यानं मान वळवली, अगदी सावकाश, आणि तो हसला, आणि हसतच राहिला. मागच्या रांगेत जाळी वर गेली.

पट्टी संपल्यावर बाई उठल्या नाहीत. डेलबर्ट टोपी हातात घेऊन खाली आला, त्यांच्यासमोर उभा राहिला आणि आपण ल्युशसच्या मागच्याच ओळीत होतो म्हणाला.

"बाळा, तू होतास ना तिथं? तो कशाला हसला रे?" त्यांनी विचारलं. "सगळे समोर बघताहेत आणि हा एकटाच..."

डेलबर्ट टोपी फिरवत राहिला. "रागावू नका हं, मॅडम. मीच त्याला म्हणालो, ल्युशस, तिकडे बघ, तुझी आई गर्दीतही कुणाला तरी शिस्त लावतेय. तुम्ही एका दांडगटाला झेंड्यासमोर टोपी काढायला लावत होता. कॅमेरा तुमच्या शेजारीच होता. तो तुम्हाला बघून हसला."

क्लेब्रुकबाईंच्या तोंडून हसू फुटलं, मोठ्यानं, सगळ्यांदेखत, डोळ्यांतलं पाणी पुसायचंही न सुचता. पहिल्या रांगेतले डीकन मोझली दचकून मागे वळले आणि त्यांचा जबडा खाली आला.

"डीकन, पुढे बघा," बाई म्हणाल्या. "आणि सिस्टर पेटवे, वाजव गं. मी आज चित्रपटाला थांबणार आहे."