समितीतला आपला माणूस

जना गेल्याचा फोन आला तेव्हा मी पनवेलच्या मासळी बाजारात उभा होतो. फोन ठेवला आणि मनात पहिल्यांदा आला तो राग. आता भांडायचं कोणाशी? महिना उलटून गेला तरी तो राग तसाच आहे. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं तेवढंच लिहावं, अशी रीत असते... मला ते जमेलसं वाटत नाही.

आम्ही दोघे खाडीकाठच्या एकाच गावचे, शाळेत एकाच बाकावरचे. तो शिकत डॉक्टरेटपर्यंत गेला, माती आणि तिची ताकद हा त्याचा विषय झाला, पनवेलच्या खांदा कॉलनीत घर झालं. बंदरं, पूल, वीज प्रकल्प कुठे उभारावेत याबद्दल केंद्र सरकारला सल्ला देणाऱ्या तज्ज्ञ समितीवर त्याला घेतलं, तेव्हा आम्ही गावभर पेढे वाटले होते. गाव त्याला डॉक्टर म्हणायचं आणि गुडघेदुखीवर औषधही विचारायचं. तो हसत हसत काहीबाही सांगायचाही. गावावरचं त्याचं प्रेम खोटं नव्हतं, हे मला कबूल करावंच लागतं.

मग आमच्याच खाडीत भराव टाकून मोठा प्रकल्प आणायचं ठरलं. जनसुनावणी लागली आणि समितीच्या वतीने जना मंचावर बसला. भराव पडला की भरतीचं पाणी गावात शिरणार, ही धास्ती घराघरांत होती. उठून बोलायचं असं आदल्या दिवशी देवळात ठरलंही होतं. पण आपला माणूस परक्या साहेबांच्या रांगेत बसलेला, त्याच्या तोंडावर हरकत घ्यायची कशी? "आपला जना हाय ना तथं," शेजारची हिराकाकी म्हणाली. "चार लोकांत त्याला आमी आडवं बोलायचं? बरं नाय दिसत." शेवटी गावाने शाल-श्रीफळ देऊन त्याचा सत्कार केला, फोटो काढले आणि सगळे घरी आले. हरकत एकही नोंदली गेली नाही. भराव पडला, आणि त्यानंतरच्या मोठ्या उधाणात पाणी चुलीपर्यंत आलं. हिराकाकीचा वर्षाचा तांदूळ खारट झाला.

मी तडक खांदा कॉलनीत जनाचं घर गाठलं. "तुला माहीत नव्हतं?"

तो म्हणाला, "माहीत होतं रे... पण आम्हाला विचारलं होतं, जमीन भार पेलेल का? पेलते. पाणी कुठे जाईल, हा प्रश्न समितीपुढे नव्हताच."

"तुझ्यापुढे होता ना?"

त्याने आत वळून चहा टाकायला सांगितलं. मी चहा न घेताच निघालो. तीच आमची शेवटची भेट.

तेरावं झाल्यावर जनाची बायको त्याचा फोटो घेऊन गावच्या घरी आली. बंद घराचं दार खाऱ्या पाण्याने फुगून बसलं होतं. खांदा लावून मी ते ढकललं. आत भिंतीवर मिठाची पांढरी रेघ उमटली होती. तिच्या वरच्या खिळ्याला मी फोटो अडकवला. वहिनी त्या रेघेकडे बघत राहिल्या. "भावोजी, आणखी वर लावा."

मी स्टूल ओढलं. "किती वर, वहिनी?"

त्यांनी खिळ्यावरचा फोटो काढून माझ्या हाती दिला. पाणी कुठवर चढेल हे ठाऊक असलेला आमच्या गावात एकच माणूस होता. त्याने ते न विचारता सांगायला हवं होतं.