साहेबाने मारलेली हाक

माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. आधीही नव्हता, आणि हे लिहून झाल्यावरही बसेल असं वाटत नाही. मी जनावरांची डॉक्टर आहे. एकोणीस वर्षं बुलढाणा जिल्ह्यात नोकरी केली. "करणी झाली मॅडम, गाय खातच नाही" म्हणून बोलावलेल्या ठिकाणी मी गाईच्या पोटातून प्लॅस्टिकच्या पिशव्या काढून मालकाच्या हातात दिल्या आहेत. या सदरातले अनुभव मी आवडीने वाचते, पण खरं सांगू का… निम्म्या अनुभवांचं उत्तर वाचता वाचताच माझ्या डोक्यात तयार झालेलं असतं.

या एका दिवसाचं मात्र होत नाही. म्हणून लिहितेय.

माझे वडील बुलढाण्याला सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते. रिटायर झाल्यावर त्यांनी एक कॉकॅटिल पक्षी पाळला — राखाडी अंग, पिवळा तुरा, गालावर नारिंगी ठिपका. नाव ठेवलं 'साहेब'. म्हणायचे, "जन्मभर साहेबाचं ऐकलं, आता साहेब माझं ऐकेल." वर्षभराने साहेबाने पिंजऱ्यात अंडं घातलं! मी शेपटीखालचे पट्टे पाहून आधीच सांगितलं होतं की ही मादी आहे, पण नाव काही बदललं नाही. बाबा अंडं हातात घेऊन एवढंच म्हणाले, "साहेबांना काय, सगळं चालतं."

मादी आहे हे मुद्दाम सांगतेय. कॉकॅटिलमधले नर शिट्ट्या मारतात, एखाद-दुसरा शब्दही उचलतात. मादी जवळजवळ कधीच बोलत नाही. आमचा साहेबही सहा वर्षांत 'चिर्र' आणि 'टुई'च्या पुढे गेला नव्हता.

आई गेल्यावर माझा भाऊ बाबांना नांदेडला घेऊन गेला. साहेब आमच्याकडे राहिला. दोन महिन्यांत बाबांचं फोनवरचं बोलणं कमी कमी होत गेलं. शेवटी भाऊच म्हणाला, "ताई, तो पक्षी आणून सोड बाई. बाबा रोज रिकाम्या खिडकीत बाजरी ठेवतात."

ऑक्टोबरचा महिना होता, गुलाबी बोंडअळीने कपाशी पोखरली त्या साली. बीटी कपाशीला अळी लागत नाही म्हणून लोकांनी पेरली, आणि बोंड फोडलं की आत गुलाबी अळी. जो तो पाठीवर पंप घेऊन शेतात. एका औषधाने भागेना म्हणून दोन-दोन, तीन-तीन औषधं एकत्र करून मारत होते. फवारलेल्या धुऱ्यावरचं, म्हणजे बांधावरचं गवत खाऊन जनावरांना विषबाधा व्हायची, त्यामुळे त्या हंगामात ॲट्रोपिनची इंजेक्शनं माझ्या बॅगेत कायम असायची. सुटीवर निघाले तरी बॅग गाडीत.

सकाळी साडेसातला आम्ही बुलढाण्याहून निघालो. गाडी चालवायला माझे मिस्टर विवेक — कॉलेजात फिजिक्स शिकवतात, माझ्याहून जास्त नास्तिक. पिंजरा मागच्या सीटवर पट्ट्याने बांधलेला, शेजारी मी. पक्ष्याला वारा लागू नये म्हणून काचा पूर्ण बंद, एसी अगदी मंद. रेडिओ बंद, कारण आवाजाने पक्षी घाबरतो. बाजरीचं कणीस, काकडीच्या फोडी, पाण्याची वाटी… सगळी तयारी चोख होती.

चिखलीच्या अलीकडे साहेबाने तुरा ताठ केला आणि स्पष्ट म्हणाला,

"द्वारके… पाणी."

विवेकनी आरशातून माझ्याकडे पाहिलं. "काय गं?"

"मी नाही. साहेब."

"साहेब बोलला?"

तेवढ्यात पुन्हा. "द्वारके… पाणी." पुरुषाचा आवाज. जरा घोगरा, ओढलेला. 'द्वारके' म्हणताना शेवटी किंचित वर जाणारा. पोपट बोलतो तसं चिरकं नव्हतं ते.

मी घाबरले नाही, उलट खूश झाले! सहा वर्षांची मादी बोलतेय म्हणजे नोंद करण्यासारखी केस. चिखलीला चहाला थांबलो तेव्हा मी विवेकना म्हटलं, आधी रेकॉर्ड करा. त्यांनी मोबाइल पिंजऱ्याजवळ धरला. पक्षी तीनदा बोलला. ते रेकॉर्डिंग आजही आहे, त्यावर वेळ आहे — आठ वाजून बावीस मिनिटं. ही वेळ लक्षात ठेवा.

मेहकरपर्यंत आमचा वाद चालला. विवेक म्हणाले, "तुझ्या बाबांच्या शेजारी कोणी द्वारका असेल." नव्हती. "मग सिरियलमध्ये ऐकलं असेल." बाबांकडे बातम्यांशिवाय काही लागत नसे. आमच्या घरी कामाला येणाऱ्या बाईंचं नाव शबाना. मी म्हटलं, नांदेडला पोचलो की बाबांनाच विचारू.

मेहकरला नाश्ता करून निघालो आणि साहेबाचं बोलणं वाढलं. दहा मिनिटांनी एकदा होतं ते दोन मिनिटांनी. सुलतानपूर मागे टाकून लोणारच्या रस्त्याला लागलो तेव्हा तर थांबेचना. "द्वारके… द्वारके… पाणी…" पंख पसरलेले, चोच उघडी, पिंजऱ्याच्या एकाच बाजूला चिकटलेला. माझी खुशी संपली. पक्षी असा चोच उघडून धापा टाकायला लागला की उष्णतेने अर्ध्या तासात मरू शकतो. बाबांच्या हातात मेलेला पक्षी द्यायचा का?

"विवेक, गाडी घ्या बाजूला. सावलीत."

रस्त्याकडेला एक निंब होता. उजव्या हाताला पुरुषभर उंचीची कपाशी, डाव्या हाताला सोंगलेलं, कापून ठेवलेलं सोयाबीन आणि त्याची मोठी गंजी. अकराला दहा-पंधरा मिनिटं कमी असतील. लख्ख ऊन. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. मी पिंजरा निंबाखाली ठेवला, आणि साहेब गप्प झाला. एकदम. कपाशीकडे तोंड, तुरा ताठ, डोळा न हलवता.

विवेकना ताण आला की चेष्टा सुचते. त्यांनी कमरेवर हात ठेवले आणि साहेबाची नक्कल करत मोठ्याने ओरडले, "द्वारके! ए द्वारके!"

सोयाबीनच्या गंजीमागून आवाज आला — "ओ! कोण आहे?"

अंगावर काटा येणं म्हणजे काय ते मला त्या सेकंदाला कळलं. गंजीवर ताडपत्री ओढत असलेली एक बाई उठून उभी राहिली. पस्तिशीची असेल, डोक्याला दस्ती बांधलेली. रस्ता ओलांडून आली आणि आम्हा दोघांकडे संशयाने बघू लागली.

"तुम्ही काऊन बलावलं मले? वळखता का?"

"तुमचं नाव द्वारका?"

"हाव. द्वारका. काय झालं?"

माझ्या तोंडातून निघालं, "तुमच्या घरचं… कोणी पाणी मागतंय का?"

ती गोंधळली. "आमचे मालक पलीकडं फवारून राह्यले. पाणी तं त्यायच्याजवळच आहे, कॅनमधी." आणि मग तिने कान दिला. मीही दिला. बॅटरीच्या पंपाची घरघर कपाशीतून लांबवर ऐकू येते. त्या शेतात काहीच आवाज नव्हता.

"अवो!" तिने हाक मारली. "अवो, ऐकू येते का?"

मग ती धावली. मी गाडीतून बॅग घेतली आणि तिच्यामागे कपाशीत शिरले.

तो आठ-दहा सऱ्या आत पडला होता. भास्कर त्याचं नाव. पंप पाठीवर तसाच, झाकणातून औषध गळून शर्ट, पँट सगळं भिजलेलं. तोंडाला फेस, अंगाला दरदरून घाम, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. श्वास घरघरत, मध्येच थांबत. असली केस मी गाई-बैलांत पन्नास वेळा पाहिली होती. माणसात पहिल्यांदा.

द्वारकाने त्याचं डोकं मांडीवर घेतलं. "बाई, हे मेले का हो? सांगा ना, मेले का?"

"नाही. आणि मरूही देणार नाही. त्यांचे कपडे काढायचे आहेत, तुम्ही हात लावू नका, मी काढते."

गाई तपासायचे खांद्यापर्यंतचे हातमोजे घालून मी कपडे फाडून काढले. विवेकनी कॅनमधलं पाणी त्याच्या अंगावर ओतलं. बुलढाण्यात आमच्या ओळखीचे एक फिजिशियन आहेत, त्यांना फोन लावला. रेंज होती, हेही नशीब. मी लक्षणं सांगितली, माझ्याजवळ ॲट्रोपिन आहे हेही सांगितलं. त्यांनी त्याचं अंदाजे वजन विचारलं. मग म्हणाले, "द्या. किती ते सांगतो. फोन कट करू नका." मी जनावरांची डॉक्टर, माणसाला सुई टोचायचा मला अधिकार नाही, हे मला ठाऊक होतं. मी दिली. उद्या तशीच वेळ आली तर उद्याही देईन.

आम्ही तिघांनी त्याला उचलून गाडीत घातलं. पिंजरा मी मांडीवर घेऊन पुढे बसले. लोणारच्या दवाखान्यात पोचलो तेव्हा त्याचा श्वास जरा सुधारला होता. तिथल्या डॉक्टरांनी पुढचे उपचार लगेच सुरू केले आणि मग मला बाहेर बोलावून म्हणाले, "मॅडम, अजून वीस मिनिटं तो तिथेच असता तर काही उपयोग नव्हता."

बाहेर बाकावर द्वारका पदर तोंडाला लावून बसली होती. तिला पाणी देता देता मी विचारलं, फवारणीला किती वाजता सुरुवात केली?

"साडेनऊ-पावणेदहाले. त्याच्या आधी घरीच होते. चांगले जेवले, माह्याशी भांडले बी — मी म्हनलं आज नका मारू, आंग दुखते म्हनता तं."

"आणि आठ वाजता?"

"आठले तं झोपेल होते."

विवेकनी माझ्याकडे पाहिलं. मग खिशातून मोबाइल काढून चिखलीचं रेकॉर्डिंग लावलं. "द्वारके… पाणी." द्वारका बाकावरून उठली. "हा तं यायचाच आवाज आहे! कवा भरला तुम्ही?"



संध्याकाळी उशिरा नांदेडला पोचलो. साहेब बाबांच्या खांद्यावर जाऊन बसला आणि त्यांच्या चष्म्याची दांडी चावू लागला. बाबांना विचारलं, त्यांच्या ओळखीत कोणी द्वारका नाही, लोणारच्या बाजूला ते कधी गेलेले नाहीत. "साहेब बोलतो म्हणता? बोलून दाखवायला सांग बरं." साहेब बोलला नाही. त्या निंबाखाली गप्प झाला तो आजतागायत एक शब्द बोललेला नाही. 'चिर्र' आणि 'टुई', बस्स.

विवेकनी पुढचे काही आठवडे सगळे तर्क करून पाहिले. मोबाइलचं घड्याळ चुकलं असेल? मग त्याच सकाळचे आमचे कॉल आणि मेसेज तपासले, वेळ बरोबर होती. चहावाल्याकडे कोणी बोललं असेल? रेकॉर्डिंगमध्ये पिंजऱ्याच्या तारेवर चोच आपटल्याचा आवाज शब्दांसोबत ऐकू येतो. कोणाकडून पूर्वी शिकला असेल? भास्करचा आणि त्याचा कधी संबंधच आला नव्हता. मी माझ्याकडून पक्ष्यांवर काम करणाऱ्या दोन सीनियरना ऐकवलं. दोघांनीही आधी मला विचारलं, हा पक्षी नक्की मादी आहे का? म्हटलं, अंडं मी पाहिलंय.

दिवाळीला पुन्हा नांदेडला गेलो होतो, तिथून परतताना आम्ही भास्करच्या घरी गेलो. दारात शेवगा, अंगणात नुकतीच व्यालेली शेळी, तिला मी आधी तपासलं. भास्कर अशक्त होता, पण चालत-फिरत होता. द्वारकाने चिवडा-लाडू ठेवले. मी त्याला पक्ष्याची हकिगत सांगून रेकॉर्डिंग ऐकवलं. त्याने दोनदा ऐकलं. मग मान हलवली.

"आवाज माहाच आहे मॅडम. पण मी बोललोच नव्हतो."

"म्हणजे?"

"पडलो तवा जीभ लाकडासारखी झालती. तोंड उघडेना. मी मनातल्या मनातच हाका मारून राह्यलो होतो हिले. हेच. द्वारके, पाणी. पन तोंडातून एक अक्षर निंघलं नाही, देवाशप्पथ."

 बाहेर शेळीचं पिल्लू ओरडत होतं.   विवेकनी रेकॉर्डिंगवरची वेळ त्याला दाखवली — आठ बावीस. 

निघताना द्वारका गाडीपर्यंत आली. काचेवर हात ठेवून हळूच म्हणाली, "बाई, ते तुमच्या मोबाइलातलं… माह्या मोबाइलात टाकता येईन का?"

"येईल की. पण कशाला हवंय?"

तिने मागे वळून पाहिलं. नवरा दारात उभा होता. मग लाजून हसली.

"सोळा वर्सं झाले लग्नाले. 'अवं, ऐकतं का' याच्या पुढं गेले नाहीत. यायनं मले नावानं हाक मारलेली मी त्या मोबाइलातच पहिल्यांदा ऐकली."