घोडी बोलते तिथं

तंजावरच्या त्या थिएटरात घोडीनं तोंड उघडलं आणि मी मनातल्या मनात कपाळावर हात मारला. घोडी चक्क तमिळमध्ये बोलायला लागली. तेही पौराणिक सिनेमात आकाशवाणी होते ना, तशा घुमणाऱ्या आवाजात! उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. शेजारी आई पदराचं टोक तोंडावर धरून पडद्याकडं बघत होती.

सिनेमा ज्या इंग्रजी पुस्तकावरून काढला होता, ते मला आण्णानं, म्हणजे माझ्या थोरल्या भावानं, वाचून दाखवलं होतं. त्याला दहा-बारा वर्षं झाली होती. लहानपणीच्या तापानं आण्णाच्या हृदयाची झडप बिघडली होती, म्हणून कॉलेज सोडून तो घरीच असायचा. गावात नुकतं केबल आलेलं, शेजारची पोरं टीव्हीपुढून हलत नसत. आम्ही दोघं मात्र दुपारभर मधल्या खोलीत पुस्तक घेऊन बसायचो. मी अकरा वर्षांची, तमिळ माध्यमातली. तो इंग्रजी मोठ्यानं वाचायचा आणि मला अडलं की आमच्या घरच्या मराठीत सांगायचा. देवनागरीचं एक अक्षर मला तेव्हा येत नव्हतं. ते मी लग्नानंतर पुण्यात शिकले.

गोष्ट एका मुलीची. नदीपलीकडच्या देशात तिला एक राखी रंगाची घोडी भेटते. घोडी म्हणजे देवच, पण पुस्तकात तसं कुठं म्हटलेलं नाही. तिचं बोलणं कानांना ऐकू येत नाही, मुलीला ते आतल्या आत कळतं. म्हणून तेवढी वाक्यं तिरप्या अक्षरांत छापलेली होती, चार-चार शब्दांची. तिथं आवाज काढायचा नाही, हा आण्णाचा नियम. तो थांबायचा, ओळीवर बोट ठेवायचा आणि मी डोळ्यांनी वाचायचे. आमच्याकडं पूजा, श्राद्धं, तिरुवैयारूला जाऊन कावेरीचं स्नान, सगळं यथासांग व्हायचं. पण देव म्हणून मला काही जाणवलं असेल, तर ते आण्णाच्या त्या थांबण्यात.

तो गेल्यावर मी ते पुस्तक कितीदा वाचलं याला गणतीच नाही. तिरपी अक्षरं आली की तो शेजारी येऊन बसायचा. खरं सांगते, मला भीती वाटायची, आणि तरी मी पुन्हा पुन्हा त्याच पानांवर जायचे.

सिनेमावाल्यांना शांतता सोसली नसावी. पुस्तकात घोडी मुलीच्या बाजूनं नुसती चालते. इथं ती लढाईत उतरली, ठिणग्या उडाल्या, आणि शेवटी तिनं श्रद्धेवर भाषण ठोकलं. पुढच्या रांगांतून शिट्ट्या आल्या. त्या दिवसापासून पुस्तक उघडलं की मला तो डबिंगचा आवाजच ऐकू येतो. आण्णाच्या जागेवर कुणी परकाच येऊन बसला आहे. त्या लोकांना मी अजून माफ केलेलं नाही.

सिनेमा सुटल्यावर आम्ही बसस्टँडवर येऊन बाकावर बसलो. माझा फणफणाट चालूच होता.

"सगळा सत्यानाश केला," मी म्हटलं.

आई म्हणाली, "आण्णा वाचत होता ते हेच का गे?"

"हेच."

"वाचता वाचता मधेच थांबत होता तो. स्वयंपाकघरात मला ऐकू येत होतं." ती रस्त्याकडं बघत बोलत होती. "दम लागत होता त्याला. तो थांबला की हातातलं एव्हरसिल्व्हरचं भांडं मी तसंच धरून उभी राहत होते. पुन्हा आवाज आला की मग खाली ठेवत होते. अजून स्वप्नात येतो. वाचतो, थांबतो, आणि पुन्हा सुरूच करत नाही."

ज्या शांततेत मला देव भेटायचा, त्याच शांततेत भिंतीपलीकडं आई जीव मुठीत धरून उभी असायची. एवढ्या वर्षांत आम्ही दोघी याबद्दल एक शब्द बोललो नव्हतो.

"दम लागत नव्हता, आई," मी म्हटलं. "घोडी बोलते तिथं आवाज काढायचा नाही, असं आमचं ठरलेलं होतं. मुद्दाम थांबायचा तो."

"मुद्दाम?"

"मुद्दाम."

"सगळ्या वेळी?"

शेवटच्या आठवड्यात एकदा तो एका साध्याच ओळीवर थांबला. गोष्टीतली मुलगी पाव मोडून खात होती, घोडी तिथं नव्हतीच. त्यानं ओळीवर बोट ठेवलं. नख निळसर दिसत होतं. पुढच्या पानावर पुन्हा तसंच झालं. मला कळलं होतं. अकराव्या वर्षी एवढं कळतं. पण हाक मारली असती तर आईनं पुस्तक मिटायला लावलं असतं, आणि मला पुढची गोष्ट हवी होती. मी मुकाट्यानं त्या ओळी डोळ्यांनी वाचल्या आणि त्याचा आवाज परत येण्याची वाट बघत बसले. तीन दिवसांनी तो गेला.

"सगळ्या वेळी," मी म्हणाले.

आईनं पदरानं तोंड पुसलं. "मग मीच वेडी," ती म्हणाली, "उगी भीत बसले एवढी वर्षं."

आणि ती हसली. आण्णा गेल्यापासून तिला असं मोकळं हसताना मी पाहिलं नव्हतं, आणि मला तिच्याकडं बघवेना.