बर्फावरचं रीळ

जानेवारीत जावई कॅनडाहून एकटाच आला आणि माझ्या मनात पाल चुकचुकली. लेक का नाही आली, तर म्हणे, "तिले सुट्टी नाही भेटली, आई." बरं, किती दिवस राहणार हे काही विचारायची सोय नाही. आमच्याकडे जावयाला ते विचारत नाहीत. विचारलं म्हणजे 'निघा' म्हटल्यासारखं होतं. मी चहा ठेवला आणि त्याच्या दोन फुगलेल्या बॅगांकडे बघत राहिले. चार दिवसांच्या पाहुण्याला एवढ्या बॅगा लागत नाहीत. तोंडावर मी त्याला 'तुमी'च म्हणते, मनात मात्र त्या दिवसापासून एकेरीवर आणला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने बॅगेतून हातभर काठी काढली. तिला तळहाताएवढं गोल रीळ होतं. ते घेऊन गडी निघाला शेतातल्या विहिरीवर. हरभऱ्याची भाजी खुडायचं निमित्त करून मीही मागोमाग गेले. पाणी साफ राहावं म्हणून आमच्या ह्यांनी त्या विहिरीत मासे सोडलेले आहेत. जावयाने गळाला कणकेची गोळी लावली आणि काठावर बसून दोरी सोडली.

"हे फ्लाय रीळ होय, आई," तो म्हणाला. "तिकडं सध्या तळं गोठते. बर्फाले भोक पाडाचं आन् दोरी खाली सोडाची. दुसऱ्या रिळातून दोरी पीळ खाते, मंग गळ गरगर फिरते आन् मासा बिचकते. याच्यातून सरळ उतरते. विहिरीतबी तसंच."

दोरीवर ठरावीक अंतराने लाल खुणा होत्या. सकाळच्या थंडीत त्याने तीन खुणा आत सोडल्या, ऊन चढल्यावर एकच. मासा उन्हाबरोबर वर येतो म्हणे. एक कटला लागलाही. त्याने तो पाहिला आणि परत पाण्यात सोडून दिला.

माझं लक्ष माशाकडे नव्हतंच. तिकडे बर्फाचा हंगाम चालू आहे असं हाच सांगतो, मग बर्फावरचं रीळ इकडे कशाला आणलं? पेरणीच्या दिवसांत कुणी आपली तिफण पाहुण्याच्या घरी नेऊन ठेवतं का? आणि त्या लाल खुणा मी जवळून पाहिल्या. तो नखांना लावायचा रंग होता! माझ्या लेकीने लग्नातसुद्धा नखं रंगवू दिली नव्हती. मग हा रंग कोणत्या बाईचा? लेकीचा संसार मोडला आणि हा तोंड लपवायला इथे आला, असं माझ्या मनाने घेतलं.

ह्यांना सांगितलं, तर म्हणाले, "मासेच धरून राह्यला ना? चोऱ्या त् नाही करून राह्यला." असा संताप आला! फोनवर मी विचारायच्या आधीच लेक "सगळं ठीक आहे" म्हणायची.

बाराव्या दिवशी विहिरीवरून तो हात धुवायला गेला, तेव्हा मी रिळातून दोरी ओढून काढली. एका खुणेवर पाय ठेवला आणि दोरी धरून हात वर ताणले. दुसरी खूण बरोबर बोटांशी आली. म्हणजे एक परस. विहिरीची खोली आम्ही याच मापाने सांगतो. कॅनडातल्या बाईला परस कुठून ठाऊक असणार? मी गोंधळले. एवढ्यात तो परत आला आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "जवाईबापू, हा रंग कोनाचा? आन् तुमी वापस कवा जाता?"

बोलले आणि जीभ चावली.

तो खाली बसून दोरी गुंडाळू लागला. "रंग तुमच्या लेकीचाच होय. आता लावते ते. रीळबी तिचंच, खुणाबी तिनंच केल्या." मग म्हणाला, "आमी वापस नाही जात, आई. दोघायच्याबी नोकऱ्या गेल्या. तुमची लेक तिकडचं घर आवरून मागून येऊन राह्यली. पण तिले तुमचं भेव वाटते. म्हणे, आई जवायाले काही इचारत नाही. तुमी पयले जा, आन् तिचा अंदाज घ्या."

लेक कॅनडात आहे हे मी आमच्या मेडशीच्या एसटी स्टँडवर ज्याला-त्याला थांबवून सांगितलं होतं; आता ती परत आली तर चारचौघांत माझं नाक कापलं जाईल, हीच तिची भीती. मी ह्याच्यावर पाळत ठेवून होते आणि हा बारा दिवस माझा अंदाज घेत बसला होता. मला लाज वाटली, आणि पोर मला भिते हे ऐकून रडूही आलं.

"लाव फोन," मी म्हटलं. 'तुमी' म्हणायचं राहूनच गेलं. त्याने लावला तसा मी हातातून ओढून घेतला. तिला वाटलं नवराच आहे.

"आई काही बोलली काय? लई रागावली काय?"

"आईच बोलून राह्यली," मी म्हटलं. "तू कवा येतं?"

मग ती हळूच म्हणाली, "आई, राहू देशील ना मले?"

पोटची पोर मला हे विचारत होती, आणि तिला ते विचारावं लागलं, हे माझंच करणं होतं. मी नुसतं "ये" म्हटलं आणि फोन जावयाच्या हातात दिला.