नारळ फोडलेली रेसगाडी

तापलेल्या पत्र्यावरच्या नव्या रंगाचा वास आला की मला धुळ्याच्या एका कापसाच्या जिनमालकाच्या मुलाने आमच्या गॅरेजात बांधवून घेतलेली रेसगाडी आठवते. जुन्या जीपचं इंजिन, डांबराच्या पिंपांचा पत्रा, ब्रेक फक्त मागच्या चाकांना, आणि म्हणे महाराष्ट्रातली सगळ्यात वेगवान गाडी! चालवायची मात्र मी. "माझं वजन आड येतं, नाहीतर मीच बसलो असतो," असं हा शूरवीर पेढा चघळत म्हणाला. सातवीत शाळा सोडून गॅरेजात कामाला लागलेला मी, काम जाईल या भीतीने हो म्हणालो. शिंदखेड्याच्या पुढच्या सरळ रस्त्यावर हार झाले, फोटो झाले. मी स्टिअरिंगवर बसून ब्रेक पुन्हा पुन्हा दाबून पाहत होतो. मग आमच्या या शूरवीर साहेबांनी नारळ थेट गाडीच्या नाकावर फोडला. हवा लागावी म्हणून इंजिन त्यांनीच उघडं ठेवायला लावलेलं, त्यामुळे सगळं पाणी प्लगच्या वायरींवर गेलं आणि गाडी सुरूच होईना. "मिस्तरी, करा ना काहीतरी!" साहेब ओरडले. नुसतं पुसलं असतं तरी भागलं असतं. आमच्या म्हाताऱ्या मिस्तरींनी खांद्यावरचं फडकं काढलं, माझ्याकडे पाहिलं, आणि त्या फडक्याने स्वतःचं तोंड पुसलं. "आज काही ती चालू व्हत नही, भाऊ. देवना मनमा नही शे," ते म्हणाले, मग मला हळूच, "उतर रे बेटा." त्यांचे उपकार मी विसरलेलो नाही. आता इकडे आखातात माझं छोटं गॅरेज आहे. असला कुणी हौशी गाडी घेऊन आला की पहिल्या फेरीला मी त्यालाच बसायला सांगतो. अजून एकही बसलेला नाही.