भाऊंची ओळ मी वर नेली

ती ओळ मी हलवली होती. हे बायकोलाही सांगितलेलं नाही.

वर्ध्याच्या आमच्या छोट्या सॉफ्टवेअर ऑफिसात भाऊ सगळ्यांत जुने. कोड वाचताना ते खुर्चीमागे उभे राहत आणि स्क्रीनवर बोट टेकवत. एखादं व्हेरिएबल, म्हणजे माहिती ठेवायला नाव देऊन केलेली जागा, दिसलं की विचारत, "हा कोन होय? कोनाकडचा पाहुना?" असा एखादा वाचक तुमच्याही नशिबी आला असेल.

मी कॉलेजात शिकल्याप्रमाणे सगळी व्हेरिएबलं प्रोग्रॅमच्या डोक्यावर मांडायचो.

"पंगत दुपारची," भाऊ म्हणत, "अन् हा सकाळपासून पत्रावळ घेऊन बसून राह्यला. काऊन बे? लागन तवा मांडजो ना."

"वर असलं की व्यवस्थित दिसतं, भाऊ."

"तुले दिसते. वाचनाऱ्याले दोनशे ओळी वर-खाली धावा लागते. त्याच्या पायाचा विचार कर."

भाऊंच्या घरचे समुद्रपूरकडे भाजीपाला पिकवायचे. सोमवारी वांग्यांची पिशवी यायची. ज्याचा कोड एका दमात वाचून झाला, त्याची पहिली निवड. मला वर्षभर किडकी मिळाली.

भाऊंना टीमप्रमुख करायचं ठरत होतं, तेव्हाची गोष्ट. कापूस बाजारासाठी त्यांनी प्रोग्रॅम लिहिला होता: ज्या बंडीचा, म्हणजे बैलगाडीचा, नंबर लागेल, त्या शेतकऱ्याचं नाव फलकावर. नावाची जागा ते आतच, दर बंडीला नव्याने करत. ते सुटीवर असताना मला ते गबाळं वाटलं. मी ती ओळ उचलून सर्वांत वर नेली. चालवून पाहिलं. छान चाललं.

हंगामाच्या पहिल्या दिवशी तीन बंड्यांची नावं भरायचीच राहिली. नवी जागा असती तर फलक कोरा राहिला असता. माझ्या जागेत आधीच्या बंडीवाल्या आजोबांचं नाव तसंच बसून होतं. बिचारे रिकामी बंडी घेऊन तीनदा वजनकाट्यावर आले.

"अजून किती डाव बोलावता बापा? कापूस त मघाच झाला. आता बैल चढवू काय काट्यावर?"

सगळा बाजार हसला. आमचे मालक हसले नाहीत. त्यांनी सर्वांसमोर भाऊंना जाब विचारला. भाऊंनी स्क्रीन पाहिली. तशी मांडणी ऑफिसात एकट्या माझीच होती.

"माह्या हातून राह्यलं," भाऊ म्हणाले.

मी चहाच्या कपात पाहत राहिलो. प्रमुखपद मला मिळालं.

बाहेर आल्यावर त्यांनी आजोबांची हुबेहूब नक्कल केली, डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. मग एवढंच, "दर पंगतीले नवी पत्रावळ. ध्यानात ठेवजो."

गेल्या वर्षी भाऊ निवृत्त होऊन गावी गेले. फोनवर पंपाच्या आवाजातून ओरडतात, "टमाटे झाले, येजो!" दोनदा गेलो. टमाटे घेऊन परतलो.

त्यांच्या निरोपाचं भाषण मीच केलं. बैलांचा किस्सा भाऊंची चूक म्हणून रंगवून सांगितला. सगळे हसले, भाऊ सर्वांत जास्त.

चूक माझी होती, हे त्याच लोकांसमोर, भाऊ बसलेले असताना, मला सांगायचं आहे. ते अजून सांगितलेलं नाही.