उंटाच्या पोटाखालून

मी सास्तूरच्या शाळेत शिकवते. त्या सोमवारी पाचवीला वाळवंट शिकवताना मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं, की एका वशिंडाच्या उंटाला इंग्रजीत ड्रोमेडरी म्हणतात आणि ते नाव ‘धावणारा’ अशा अर्थाच्या जुन्या ग्रीक शब्दावरून आलंय. पोरं हसली. त्यांनी पाहिलेला उंट म्हणजे घंटी वाजवत झुलत जाणारा. एक जण म्हणालाच, “बाई, त्यो तर आमच्या म्हशीपरीस हळू चालतंय.” मी त्याला सांडणीस्वारांचं सांगितलं. पण खरं म्हणजे ते मलाही पटलेलं नव्हतं.

माझं चित्तही थाऱ्यावर नव्हतं. माझी चार वर्षांची लेक पंधरा दिवस बोलत नव्हती. दावं तोडून उधळलेला एक बैल तिच्या अगदी अंगाजवळून गेला होता. साधं खरचटलंही नाही, पण तेव्हापासून ती माझा पदर सोडीना. डॉक्टर म्हणाले, घाबरलीय, हळूहळू बोलेल. आणि नाहीच बोलली तर? हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

सासूबाईंकडं उपाय होता. भ्यालेल्या लेकराला उंटाच्या पोटाखालून तीनदा काढायचं. एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला आजी, आणि लेकरू खालून इकडून तिकडं द्यायचं. एरवी मी यावर तासभर भाषण दिलं असतं. पण बुडत्याला काडीचा आधार. गुरुवारी उंटवाला आमच्या गल्लीत आला तेव्हा मीच त्याला हाक मारली.

उंटाच्या पुढच्या पायांना पायबंद होता. सासूबाई म्हणाल्या, “बांधलेल्या जनावराखालून भ्या जात न्हाय. त्येला मोकळं करा.”

उंटवाला कचरला. “रस्सी रहने दो बाई, नया जानवर है.”

मी शाळेतल्या आवाजात म्हणाले, “सोडा हो, उंट कुठं पळतोय!”

त्यानं सोडलं. पहिल्या फेरीला मी लेकीला सासूबाईंकडं दिलं, दुसऱ्या फेरीला त्यांनी माझ्याकडं. ती डोळे घट्ट मिटून होती. तिसऱ्या फेरीला ती बरोबर पोटाखाली आली, एक हात माझ्या हातात, दुसरा सासूबाईंच्या. तेवढ्यात सायलेन्सर काढलेली मोटारसायकल फटफटत मागून आली. उंटाच्या अंगावर सर्रकन थरथर उठली, मान वर गेली.

मी हात सोडला. सोडला आणि मागं उडी मारली.

भूकंपानंतर आखलेला आमचा रस्ता सरळ आणि रुंद आहे. त्यावरून तो उंट असा सुटला की बघता बघता दिसेनासा झाला, उंटवाला ओरडत त्याच्यामागं. धूळ बसली तेव्हा मी लिंबाच्या बुंध्याला चिकटून उभी होते आणि सासूबाई लेकरावर पालथ्या पडलेल्या होत्या. दोघीही हलत नव्हत्या. पाच पावलांचं अंतर, पण माझा पाय उचलेना. तिथं काय बघावं लागेल याची मला भीती वाटत होती.

मग सासूबाईंच्या खालून आवाज आला, “आज्जे, उंट पळालं!”

सासूबाई उठून बसल्या. त्यांचं कोपर फुटलं होतं. त्यांनी माझ्याकडं एकदाच पाहिलं आणि नातीच्या केसांतली माती झाडायला लागल्या.

आता लेक घरी येईल त्याला ही गोष्ट सांगते, हातवारे करून, न थांबता. अंगणवाडीतही एकटी जाते. तिची भीती गेली ती माझ्याकडं मुक्कामाला आली. कधीतरी तिला सगळं नीट आठवेल, ही ती भीती. ती तिसऱ्या फेरीवर आली की मी काहीतरी निमित्त काढून उठते, पण दाराआड थांबून ऐकते.

“मग आईनं मला आज्जीकडं जोरात ढकललं,” ती सांगते. “म्हणून मी वाचले.”

हे तिला कुणी सांगितलं, ते मी कधी विचारलं नाही. सासूबाई तिथंच बसलेल्या असतात, खाली मान घालून शेंगा फोडत.